वीरगळ व समाधिशिळांचे छायाचित्रण : भिंगाची निवड

मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या वीरगळ, सतीशिळा, समाधी, थडगे इ. शिळांवरील शिल्प, लेख व प्रमाणे छायाचित्रात यथातथ्य उमटावीत, या दृष्टीने कॅमेऱ्याचे भिंग व ते वापरण्याचे अंतर ठरविण्याची पद्धती. मोकळ्या माळावर एकट्याच उभ्या असलेल्या शिळेचे छायाचित्र कोणत्याही साध्या भिंगाने घेता येते. खडकी (पुणे) येथील राष्ट्रकुल युद्धस्मशानभूमीत हिरवळीवर ओळीने मांडलेल्या, एकाच मापाच्या शिळांच्या बाबतीतही विशेष अडचण येत नाही. अडचण येते ती दाटीच्या जागी; आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य जुन्या स्मारकशिळा दाटीच्याच जागी आहेत : देवळाच्या ओवरीत, वेशीच्या आतल्या अंगास, पिंपळाच्या पाराला टेकून, शाळेच्या कुंपणालगत किंवा विजेच्या खांबाच्या बुंध्याशी.

हा प्रश्न केवळ चित्राच्या देखणेपणाचा नाही. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणासाठी केंद्र शासनाचा १९५८ चा व महाराष्ट्र राज्याचा १९६० चा कायदा असला, तरी गावोगावचे बहुतेक वीरगळ कोणत्याही संरक्षित यादीत नाहीत. देवळाचा जीर्णोद्धार होतो, रस्ता रुंद केला जातो, पाराला फरशी बसते. अशा वेळी शिळा हलविली जाते, तिचा तळचा भाग सिमेंटमध्ये बुजतो किंवा सबंध शिळेवर तैलरंगाचा हात फिरतो. त्यानंतर आधी घेतलेले छायाचित्र हाच पुरावा उरतो. ते चुकीच्या अंतरावरून घेतले गेले असेल, तर त्यातील चूक नंतर दुरुस्त करण्यास मूळ वस्तू हाती राहत नाही.

शिळांचे स्वरूप : लढाईत, गावाचे रक्षण करताना किंवा चोरांनी वळविलेल्या गाई सोडविताना मरण आलेल्या वीराचे स्मारक म्हणजे वीरगळ. सर्वसाधारण वीरगळावर एकावर एक अशा तीन वा अधिक चौकटी कोरलेल्या असतात व त्या खालून वर वाचावयाच्या असतात. तळच्या चौकटीत पडलेला वीर, लढाई किंवा गाईंचा कळप. मधल्या चौकटीत वीरास स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि शिरोभागी कलश, चंद्र व सूर्य असा हा क्रम होय. सतीशिळेवर कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात आढळतो. दख्खनच्या पठारावर या शिळा मुख्यतः काळ्या बेसाल्टच्या आहेत. शिल्पाचा उठाव बहुधा काही सेंमी.च असतो व शतकानुशतकांच्या ऊन-पावसाने आणि तेल-शेंदराच्या पुटांनी तो आणखी मंदावलेला असतो. या शिळांकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने उशिरा गेले. एस. शेट्टर व गुंथर सोंथायमर यांनी संपादित केलेला, भारतातील स्मारकशिळांवरील निबंधसंग्रह १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला; महाराष्ट्रातील वीरगळांच्या अभ्यासात त्याचा आधार घेतला जातो.

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर हे तालुके या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. कऱ्हा नीरेस मिळते व नीरा पुढे नीरा नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. या तीन नद्यांच्या काठची गावे जुनी आहेत. बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव मल्लिकार्जुनाचे मंदिर, त्यापुढील पुष्करिणी व यज्ञवराहाची मूर्ती यांसाठी प्रसिद्ध असून तेथे वीरगळही आहेत. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले; त्यांच्या मृत्यूच्या वर्षाविषयी इतिहासकारांत एकवाक्यता नाही. इंदापुरातील गढी त्यांच्या नावाने ओळखली जाते. इंदापूर तालुक्यातीलच पळसदेव येथे पळसनाथाच्या जुन्या मंदिराच्या परिसरात वीरगळ व सतीशिळा असून त्यांची कथा वेगळीच आहे; तिचा विचार पुढे केला आहे.

दाटीचे प्रकार : छायाचित्रकाराच्या दृष्टीने दाटी तीन प्रकारची असते. शिळेच्या मागे असलेल्या गोष्टी (रंगविलेली भिंत, फलक, उभी केलेली मोटारसायकल, पाण्याची टाकी, विजेच्या तारा) ही पहिली. शिळेला चिकटून असलेल्या गोष्टी (शेजारची शिळा, लोखंडी जाळी, सिमेंटचा कट्टा) ही दुसरी. आणि शिळा व कॅमेरा यांच्या मध्ये येणाऱ्या गोष्टी ही तिसरी. भिंगाच्या निवडीने पहिल्या प्रकारावर पुष्कळ व तिसऱ्यावर थोडी मात करता येते. दुसऱ्या प्रकारापुढे भिंगाचा इलाज नाही. तेथे प्रकाशाचीच मदत घ्यावी लागते.

आधी अंतर, मग भिंग : लहान केंद्रांतराचे भिंग वस्तू वेडीवाकडी करते आणि मोठ्या केंद्रांतराचे भिंग ती चपटी करते, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. जवळच्या व दूरच्या भागांचे परस्परांशी दिसणारे प्रमाण, म्हणजेच यथादर्शन, हे केवळ कॅमेरा कोठे उभा आहे यावर अवलंबून असते. त्या जागेवरून दिसणाऱ्या दृश्याचा किती भाग चौकटीत घ्यावयाचा, एवढेच भिंगाचे केंद्रांतर ठरविते. म्हणून भिंग हाती घेण्यापूर्वी उभे राहण्याची जागा निश्चित करणे हा योग्य क्रम होय. व्यवहारात बहुतेक जण याच्या उलट वागतात : कॅमेऱ्यावर जे भिंग असेल ते तसेच ठेवून, शिळा चौकटीत भरेपर्यंत पुढे सरकतात.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ३६ × २४ मिमी. चौकटीचा कॅमेरा (पूर्वीच्या ३५ मिमी. फिल्मची व आजच्या पूर्ण आकाराच्या संवेदकाची हीच चौकट होय) उभा धरला असून १.२ मी. उंचीच्या वीरगळाची प्रतिमा चौकटीत ३० मिमी. उंच यावी, असे समजू. म्हणजे प्रतिमा मूळ वस्तूच्या एक-चाळिसांश होईल. त्यासाठी २८ मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने सुमारे १.१५ मी., ५० मिमी.च्या भिंगाने सुमारे २ मी., १०० मिमी.च्या भिंगाने ४.१ मी. व २०० मिमी.च्या भिंगाने ८.२ मी. अंतरावर उभे राहावे लागेल. चारही चित्रांत शिळा सारख्याच उंचीची दिसेल. पण तिच्या मागचे जग सारखे दिसणार नाही. शिळेच्या ३ मी. मागे भिंत असल्यास त्या भिंतीचा २८ मिमी.च्या चित्रात सुमारे साडेतीन मी., ५० मिमी.च्या चित्रात २.४ मी., १०० मिमी.च्या चित्रात १.७ मी. व २०० मिमी.च्या चित्रात १.३५ मी. रुंदीचा पट्टा येईल. भिंतीऐवजी मागे २० मी. अंतरावर बाजाराचा रस्ता असेल, तर हेच आकडे अनुक्रमे १८, १०.६, ५.८ व ३.४ मी. असे होतील. अठरा मीटरांच्या रस्त्यात चार दुकाने, एक रिक्षा व दोन फलक सहज मावतात. साडेतीन मीटरांत एखादे बंद दार निवडून घेता येते.

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. पार्श्वभूमी जितकी दूर, तितका मोठ्या केंद्रांतराचा लाभ अधिक. भिंतीला टेकवून ठेवलेल्या शिळेच्या बाबतीत तो जवळजवळ शून्य होतो, आणि तेथे मोठे भिंग लावून मागे मागे सरकण्याचे श्रम पार्श्वभूमीपुरते तरी व्यर्थ जातात.

मोठ्या केंद्रांतराचा दुसरा गुण असा की, किंचित बाजूला सरकून नको असलेली वस्तू चौकटीबाहेर घालविता येते. ४.१ मी. अंतरावरून अर्धा मीटर डावीकडे वा उजवीकडे सरकल्यास २० मी. मागची पार्श्वभूमी शिळेच्या तुलनेने सुमारे २.४ मी. सरकते. चौकटीत मुळात ५.८ मी.च दिसत असल्याने मधोमध आलेला विजेचा खांब कडेला जातो. आणखी एखादे पाऊल सरकले की बाहेर पडतो. शिळेकडे पाहण्याचा कोन मात्र सात अंशांनीच तिरपा होतो व त्यामुळे शिळेच्या रुंदीत शेकडा एकाहून कमी फरक पडतो.

तथापि केंद्रांतर वाढविण्यास मर्यादा आहेत. गावातील बोळ, ओवऱ्या व पार यांभोवती आठ मीटर मोकळी जागा सहसा मिळत नाही. मिळाली तरी शिळा व कॅमेरा यांच्यामधून माणसे, शेळ्या व सायकली जात राहतात आणि तिसऱ्या प्रकारची दाटी वाढते. हे सर्व लक्षात घेता ८५ ते १०० मिमी. केंद्रांतराचे भिंग व साडेतीन ते चार मी. अंतर ही जोडी वीरगळांसाठी सर्वांत उपयुक्त ठरते. एकच भिंग बरोबर न्यावयाचे असल्यास ते हेच असावे. दुसरे नेता आले, तर ३५ मिमी.चे न्यावे, त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

जवळ जाण्याचे दोष : एक मीटरच्या आसपासच्या अंतरावरून घेतलेल्या चित्रात तीन दोष संभवतात. पहिला, जाडीचा. ३० सेंमी. जाडीची शिळा १.१५ मी. वरून पाहिल्यास तिची मागची कड पुढच्या कडेच्या मानाने सुमारे एक-पंचमांश लहान दिसते, ४.१ मी. वरून हा फरक शेकडा सातपर्यंत उतरतो. चारही बाजूंनी कोरलेल्या वीरगळाच्या बाबतीत हा दोष विशेष घातक ठरतो.

दुसरा दोष कॅमेरा कलण्याचा. उभ्या माणसाच्या डोळ्याची उंची सुमारे दीड मी. व शिळेचा मध्य ६० सेंमी. उंचीवर, त्यामुळे १.१५ मी. अंतरावरून कॅमेरा जवळजवळ ३८ अंश खाली झुकवावा लागतो. अशा चित्रात शिळेचा माथा रुंद व तळ निमुळता होतो आणि वाचनाचा आरंभ जेथून व्हावयाचा ती तळची चौकट आखूड होऊन जाते. ४.१ मी. वरून हाच कल १२ अंश राहतो. खरा उपाय मात्र अंतराचा नसून गुडघ्याचा आहे : खाली बसून कॅमेरा शिळेच्या मध्याच्या उंचीवर आणावा. कॅमेऱ्याची चौकट शिळेच्या पृष्ठाशी समांतर राहिली, तर सपाट पृष्ठाची प्रमाणे कोणत्याही भिंगाने व कोणत्याही अंतरावरून खरीच उमटतात. शिलालेखाच्या सपाट फलकास लहान केंद्रांतराचे भिंग चालते आणि उठावाच्या शिल्पास चालत नाही, याचे कारण हेच. खाली बसल्याने पार्श्वभूमीही बदलते. वरून दिसणारी फरशी व कचरा नाहीसा होऊन मागची भिंत वा आकाश येते. ते नेहमी सोयीचेच असते असे नाही, कारण तारा आकाशातच असतात.

तिसरा दोष मोजपट्टीचा. शिळेसोबत मोजपट्टी ठेवण्याची चांगली प्रथा आहे. पण ती शिळेच्या पायथ्याशी, कट्ट्यावर ३० सेंमी. पुढे ठेवली असल्यास १.१५ मी. वरून ती खऱ्यापेक्षा सुमारे शेकडा पस्तीस मोठी दिसते व चित्रावरून काढलेली शिळेची उंची तितक्याच प्रमाणात चुकते. ४.१ मी. वरूनही शेकडा आठ इतकी चूक राहते. म्हणून मोजपट्टी शिळेच्या पृष्ठाच्या प्रतलातच उभी धरावी.

भिंगाचे छिद्र व क्षेत्रखोली : ज्या अंतरापर्यंतच्या वस्तू चित्रात सुस्पष्ट दिसतात त्या पट्ट्यास क्षेत्रखोली म्हणतात. प्रतिमेचा आकार तोच ठेवल्यास क्षेत्रखोली केंद्रांतराने फारशी बदलत नाही. ती छिद्राच्या एफ-अंकावर अवलंबून राहते. वरील उदाहरणात एफ-८ ला ती जवळजवळ ८० सेंमी., एफ-४ ला सुमारे ४० सेंमी. व एफ-२.८ ला सुमारे २७ सेंमी. असते. शिल्पाचा उठाव पाच-दहा सेंमी.हून अधिक नसल्याने एफ-४ पुरेसा होतो. शिळा थोडी कललेली किंवा जाड असल्यास एफ-५.६ अथवा एफ-८ घ्यावा. एफ-१६ वा एफ-२२ पर्यंत छिद्र लहान करण्याची सवय येथे निरुपयोगी आहे. त्याने मागचा फलकही वाचता येण्याइतका स्पष्ट होतो आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे शिळेवरील बारकावे उलट मंदावतात.

पार्श्वभूमी किती पुसट होते, हे मात्र केंद्रांतरावरही अवलंबून आहे. एफ-४ ला ३ मी. मागच्या बिंदूची प्रतिमा २८ मिमी.च्या भिंगात सुमारे ०.१३ मिमी. व १०० मिमी.च्या भिंगात सुमारे ०.२६ मिमी. व्यासाच्या ठिपक्याएवढी पसरते, म्हणजे दुप्पट. तरीही पार्श्वभूमी पुसट करून दाटी लपविणे हा गौण उपाय समजावा. शेंदरी रंगाचा फलक पुसट झाला, तरी शेंदरीच राहतो व नजर ओढून घेतो.

भिंगांचे प्रकार : एकाच केंद्रांतराचे भिंग झूम भिंगापेक्षा सरस, हा नियम पूर्वीइतका कडक राहिलेला नाही, परंतु नोंदीच्या कामी झूम भिंगाचा एक दोष विसरता येत नाही. त्याच्या लहान केंद्रांतराच्या टोकाला सरळ कडा पिंपाच्या फळ्यांप्रमाणे बाहेर फुगतात व दुसऱ्या टोकाला बहुधा आत ओढल्या जातात. आयताकृती शिळेवर हे लगेच दिसते. मॅक्रो भिंग (५० ते १०५ मिमी.च्या आसपासचे) जवळच्या वस्तूंसाठी बनविलेले असते; त्यात ही विकृती अत्यल्प असून चौकटीच्या कोपऱ्यांपर्यंत स्पष्टता राहते. शिळेचे समग्र चित्र व अक्षरांचे जवळून चित्र ही दोन्ही कामे त्यानेच होतात, म्हणून १०० मिमी.चे मॅक्रो भिंग या कामासाठी आदर्श म्हणावयास हरकत नाही.

कॅमेरा न कलविता चौकट वर-खाली सरकविता येणारी सरकती भिंगेही मिळतात. निकॉन कंपनीने असे ३५ मिमी.चे भिंग १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी बाजारात आणले. कल्पना मात्र जुनीच आहे. घडीच्या भात्याच्या लाकडी कॅमेऱ्यांत भिंगाची फळी वर-खाली सरकविता येत असे. मुंबईची छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी मुंबई शासनाने पश्चिम भारतातील वास्तू व शिलालेख टिपण्यासाठी कॅप्टन बिग्ज व त्यांच्यामागून डॉ. पिगू यांची नेमणूक केली आणि त्यांची धारवाड-म्हैसूरकडील छायाचित्रे १८६६ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. एका छायाचित्रासाठी लागणारे श्रम पाहता त्या पिढीने जागा नीट पारखूनच कॅमेरा मांडला असणार, यात नवल नाही.

ज्या कॅमेऱ्यांचा संवेदक लहान असतो, त्यांत तेच भिंग अधिक अरुंद दृश्य घेते. दीडपट गुणकाच्या कॅमेऱ्यात ६० ते ७० मिमी.चे भिंग वर सांगितलेल्या १०० मिमी.चे काम करते. आज सर्वांत अधिक वापरला जाणारा कॅमेरा मोबाइल फोनचा आहे. त्याच्या मुख्य भिंगाचा दृश्यकोन सामान्यतः २४ ते २८ मिमी. भिंगाएवढा रुंद असतो. म्हणून फोन हाती असलेला मनुष्य नकळत एक मीटरवर जाऊन उभा राहतो व वरील तिन्ही दोष एकदम ओढवून घेतो. फोनला दुपटी-तिपटीचे वेगळे भिंग असेल तर ते वापरावे. नसेल तर तीन-चार मी. मागे जाऊन चित्र घ्यावे व कडेचा भाग नंतर कापून टाकावा. त्यात बारकावे कमी होतात, पण खोट्या प्रमाणांपेक्षा ते नुकसान हलके आहे. व्यक्तिचित्रासाठी असलेली, पार्श्वभूमी कृत्रिमरीत्या पुसट करणारी सोय मात्र कटाक्षाने बंद ठेवावी. शिळेची झिजलेली कड आणि मागची भिंत यांतील भेद यंत्राला कळत नाही व कलशाचे टोक भिंतीबरोबर पुसले जाते.

प्रकाश : शिळेला चिकटलेल्या दाटीवर तिरप्या प्रकाशाचा उपाय लागू पडतो. पृष्ठाला घासून जाणाऱ्या प्रकाशात उठावाच्या सावल्या लांबतात आणि शेजारचा सिमेंटचा सपाट कट्टा निस्तेज राहतो. पूर्वाभिमुख वा पश्चिमाभिमुख शिळेवर असा प्रकाश मध्यान्हाच्या थोडा आधी किंवा नंतर मिळतो. उत्तराभिमुख शिळांवर हिवाळ्यात ऊन पडतच नाही. बारामती व इंदापूर सुमारे १८ उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्ही (घड्याळात सुमारे साडेबारा वाजता) सूर्य थेट डोक्यावर येतो व कोणत्याही दिशेस तोंड केलेल्या उभ्या शिळेवरून प्रकाश वरून खाली घासत जातो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. उत्तराभिमुख शिळांसाठी वर्षातील तो उत्तम काळ, पावसाळी ढग आड न आल्यास. ओवरीतील शिळेसाठी बाहेर धरलेल्या आरशाने ऊन आत वळवावे, किंवा कॅमेऱ्यापासून सुटा केलेला फ्लॅश दिवा बाजूने धरावा. कॅमेऱ्यावर बसविलेल्या फ्लॅश दिव्याचा समोरून येणारा उजेड सर्व उठाव पुसून टाकतो.

तेलाने व रंगाने चकाकणाऱ्या शिळेवर ध्रुवक गाळणी उपयोगी पडते. ती फिरवून चकाकी कमी करता येते, मात्र पृष्ठाकडे तिरपे पाहत असतानाच तिचा चांगला परिणाम दिसतो. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू, पीठ किंवा रंग भरणे, शिळा आम्लाने अथवा तारेच्या कुंच्याने घासणे हे प्रकार अजूनही आढळतात व ते सर्वस्वी त्याज्य आहेत. अनेक वीरगळ आज ग्रामदैवत म्हणून पुजले जातात; हार-शेंदूर दूर करणे हा निर्णय छायाचित्रकाराचा नव्हे. पुजाऱ्यास व गावकऱ्यांस विचारल्यास स्नानाच्या वा नव्याने शेंदूर लावण्याच्या आधीची वेळ ते सांगतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

जागा अपुरी असल्यास : दोन मीटरही मागे सरकता येत नसेल, तर शिळेचे एकच चित्र घेण्याचा हट्ट सोडावा व चौकटीनिहाय चित्रे घ्यावीत. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील, नौकायुद्धाच्या दृश्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या उंच वीरगळांसारख्या शिळांस ही पद्धत सोयीची आहे. कॅमेरा शिळेशी समांतर व समान अंतरावर ठेवून तो खालून वर सरकवीत न्यावा, प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राचा निम्म्याहून अधिक भाग यावा आणि सर्व काळ केंद्रांतर व केंद्रीकरण बदलू नये. अशा चित्रांवरून संगणकाच्या साहाय्याने शिळेची त्रिमिती प्रतिकृतीही तयार करता येते.

आडव्या शिळा व थडगी यांचा प्रश्न उंचीचा आहे. दीड मी. उंचीवरून सरळ खाली पाहताना १.२ मी. लांबीची शिळा ३५ मिमी.च्या भिंगातच मावते, ५० मिमी. वापरावयाचे तर कॅमेरा दोन मी. वर न्यावा लागतो व त्यासाठी स्टूल किंवा काठी लागते. थडग्यावर वा समाधीवर पाय देऊन उभे राहणे हा मार्ग नव्हे. दर्गे व ख्रिस्ती दफनभूमी येथे आधी परवानगी घ्यावी.

पळसदेव : उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले व त्याच्या पाणलोटात जुने पळसदेव गाव बुडाले. गाव नव्या जागी वसले. पळसनाथाचे मंदिर मूळ ठिकाणीच राहिले. एरवी ते पाण्यात असते व शिखरावरून जागा ओळखावी लागते. अवर्षणाच्या वर्षी, जसे २०२४ च्या उन्हाळ्यात, पाणी खूप खाली गेले म्हणजे मंदिर व सभोवतालच्या शिळा उघड्या पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसाबरोबर पुन्हा दिसेनाशा होतात.

येथे वर सांगितलेली बहुतेक गृहीते उलटी होतात. पार्श्वभूमीत तारा नाहीत, फलक नाहीत. आहे ते पाणी व क्षितिज. पण उभे राहण्याची जागा मात्र आपल्या मर्जीची नसते. गाळात पाऊल रुतत असल्यास ४ मी.चे अंतर हे केवळ कागदावरचे अंतर ठरते. तेव्हा कोरड्या दगडावर उभे राहून २०० मिमी.च्या भिंगाचा आधार घ्यावा लागतो. होडीतून टिपावयाचे असल्यास तेच भिंग १/५०० सेकंद वा त्याहून जलद झडपेने वापरावे. आडव्या पडलेल्या शिळांस ३५ मिमी.चे भिंग लागते. चिखलाचे पूट प्रकाश सारखाच परावर्तित करीत असल्याने उठाव दिसत नाही. पाणी सर्वांत खाली जाण्याचा काळ आणि सूर्य डोक्यावर येण्याचा काळ मात्र येथे जवळजवळ एकच असतो, हा योगायोग अभ्यासकाच्या पथ्यावर पडणारा आहे.

पळसदेवसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दाटी टाळण्याच्या कौशल्याने घेतलेली छायाचित्रे शिळेबद्दल सर्व सांगतात, पण ती कोठे उभी होती याबद्दल काहीच सांगत नाहीत. गाव पाण्याखाली गेल्यावर, किंवा बारामती-इंदापूर रस्त्यासारखा एखादा रस्ता रुंद झाल्यावर, वेस कोणत्या बाजूस होती, शिळा देवळाकडे तोंड करून होती की नदीकडे, तिच्या शेजारी दुसरी कोणती शिळा होती, हे प्रश्न त्या कोरीव चित्रांइतकेच महत्त्वाचे होतात. म्हणून प्रत्येक शिळेचे एक चित्र मुद्दाम ३५ मिमी.च्या भिंगाने, मागच्या टाकीसह, फलकासह व तारांसह घ्यावे. छायाचित्रकारांना ते नकोसे वाटते, पण पन्नास वर्षांनी शिळेची जागा त्यावरूनच सापडते. डिजिटल चित्राच्या फाइलीत केंद्रांतर, एफ-अंक व वेळ यांची नोंद आपोआप होते. शिळेपासूनचे अंतर, तिच्या तोंडाची दिशा आणि जमिनीवर दिसणारी उंची ही मात्र त्याच जागी वहीत लिहून ठेवावी लागतात.